घरातला जुना कंट्रोलर, हातातले नवे यंत्र : स्टीम डेकला कन्सोलचे कंट्रोलर कसे जोडावेत?

रायपूर : व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणलेले 'स्टीम डेक' हे लिनक्सवर चालणारे हातातील गेमिंग यंत्र भारतात अधिकृतपणे विकले जात नाही. तरीही ते भारतीय घरांत पोहोचले आहे. कधी दिवाळीला घरी आलेल्या भावाच्या बॅगेतून, तर कधी खासगी आयातदारांच्या दुकानांतून. महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूमुळे रायपूरच्या मराठी भाषकांना परिचित असलेल्या चौबे कॉलोनीत काय किंवा नागपूर-पुण्याच्या एखाद्या सोसायटीत काय, एक मुलगा परदेशी आणि दुसरा येथे अशी घरे आता नवलाईची राहिलेली नाहीत. अशा घरात हे यंत्र आले की पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. कपाटात पडून असलेल्या प्लेस्टेशनचा किंवा एक्सबॉक्सचा कंट्रोलर याला चालेल काय?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर बहुतेक चालतो. मात्र कोणता कंट्रोलर, कोणत्या मार्गाने जोडला आणि त्याची कोणती वैशिष्ट्ये हाती लागतात, यात बराच फरक आहे. तो फरक ठाऊक नसल्यामुळे अनेकजण सुस्थितीतील कंट्रोलर बिघडला असे समजून नवा विकत घेतात.

येथे हौसेपलीकडचा एक व्यवहारी मुद्दा आहे. अधिकृत विक्री नसल्यामुळे भारतात या यंत्राचे अधिकृत दुरुस्ती केंद्रही नाही. हातातील यंत्राच्या दोन्ही बाजूंना असलेल्या काड्या, म्हणजे अॅनालॉग स्टिक, हा त्यातला सर्वाधिक झिजणारा भाग. त्या झिजल्या की बोट न लावताही पडद्यावरील पात्र एका बाजूला सरकू लागते. या दोषाला 'ड्रिफ्ट' म्हणतात. कंट्रोलरची स्टिक झिजली तर शहरातील एखादा कुशल कारागीर ती बदलून देतो, नाहीतर कंट्रोलरच बदलता येतो. यंत्राची स्टिक झिजली तर सारे यंत्र उघडावे लागते, आणि परदेशातून भाग मागवण्याची वेळ येते. घरी टीव्हीसमोर खेळताना बाहेरचा कंट्रोलर वापरला तर यंत्राचे आयुष्य वाढते, हा हिशेब त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो. शिवाय बहीण-भावाला एकत्र खेळायचे असेल, तर दुसरा कंट्रोलर लागणारच.

स्टीम डेक हा वस्तुतः कन्सोलच्या वेषातील संगणक आहे. त्यात चालणारी स्टीम-ओएस ही प्रणाली आर्च या लिनक्स वितरणावर आधारलेली आहे. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, बाहेरच्या प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसाठीचा 'एक्सपॅड' हा ड्रायव्हर २००२ मध्येच लिहिला गेला आणि तो आजही यूएसबी वायरने जोडलेल्या एक्सबॉक्स कंट्रोलरचे काम पाहतो. प्लेस्टेशन ५ च्या डुअलसेन्स कंट्रोलरसाठीचा ड्रायव्हर सोनीच्या अभियंत्यांनी स्वतः लिहून दिला आणि तो एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१२ या कर्नल आवृत्तीत समाविष्ट झाला. निन्टेन्डोच्या स्विच प्रो आणि जॉय-कॉन कंट्रोलरसाठीचा ड्रायव्हर मात्र कंपनीकडून आलेला नाही. एका स्वतंत्र विकासकाने चिकाटीने तयार केलेला तो प्रोग्राम जानेवारी २०२२ मधील ५.१६ आवृत्तीत आला. तीन स्पर्धक कंपन्यांचे कंट्रोलर चौथ्या कंपनीच्या यंत्रावर चालतात, ते या अशा वेगवेगळ्या वाटांनी झालेल्या कामामुळे.

ड्रायव्हरच्या वर आणखी एक थर आहे आणि खेळणाऱ्याचा खरा संबंध त्याच्याशीच येतो. त्याचे नाव 'स्टीम इनपुट'. त्याला दुभाषी म्हणता येईल. हाती कोणताही कंट्रोलर असो, स्टीम इनपुट गेमला बहुधा असेच भासवतो की समोर एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर आहे. २००५ सालचा हा कंट्रोलर संगणकावरील गेमसाठी जवळजवळ प्रमाणभाषाच बनला आहे. म्हणून हाती प्लेस्टेशनचा कंट्रोलर असला तरी पुष्कळ गेम पडद्यावर 'ए दाबा' अशीच सूचना देतात. अशा वेळी खालचे बटण म्हणजे ए, उजवे म्हणजे बी, डावे एक्स आणि वरचे वाय, एवढे लक्षात ठेवले की काम भागते.

निन्टेन्डोच्या बाबतीत गोंधळ थोडा अधिक होतो. त्या कंपनीच्या कंट्रोलरवर ए उजवीकडे आणि बी खाली असते. एक्स आणि वाय यांचीही अदलाबदल असते. पडद्यावर ए दिसते, बोट ए वर जाते आणि नको ती क्रिया घडते. यासाठी स्टीमच्या कंट्रोलर सेटिंग्जमध्ये निन्टेन्डोची बटण-रचना वापरण्याचा स्वतंत्र पर्याय दिलेला आहे. तो सुरू केला की बटणे छापील अक्षरांप्रमाणे वागतात. बंद ठेवला की जागेप्रमाणे. दोन्हींपैकी काहीही चूक नाही. मात्र घरात दोघे खेळणार असतील तर आधी एकमत केलेले बरे.

जोडणीची सर्वांत सोपी आणि भरवशाची पद्धत वायरचीच. स्टीम डेकला एकच यूएसबी-सी पोर्ट असल्याने कंट्रोलरची वायर लावली की चार्जिंगला जागा उरत नाही. त्यासाठी डॉक किंवा चार्जिंगची सोय असलेला यूएसबी हब लागतो. व्हॉल्व्हचा स्वतःचा डॉक ऑक्टोबर २०२२ मध्ये आला; त्यात तीन यूएसबी पोर्ट, नेटवर्कची वायर लावण्याची जागा, तसेच एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहेत. इतर कंपन्यांचे डॉकही चालतात, मात्र यंत्राचा चार्जर ४५ वॉटचा असल्याने तेवढी वीज आत सोडणारा डॉक निवडावा. कमी क्षमतेच्या हबवर खेळताना बॅटरी चार्जर लावलेला असूनही उतरत राहते.

वायरीबाबत एक क्षुल्लक वाटणारी, पण फार त्रास देणारी गोष्ट आहे. प्लेस्टेशन ४ च्या डुअलशॉक ४ कंट्रोलरला जुनी मायक्रो-यूएसबी वायर लागते. घरात अशा वायरी भरपूर असतात. पण त्यातल्या कित्येक फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. अशी वायर लावली की कंट्रोलरचा दिवा लागतो, बॅटरी भरते, पण यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. दोष कंट्रोलरवर ढकलण्यापूर्वी तीच वायर जुन्या फोनला आणि संगणकाला लावून फोनमधील छायाचित्रे संगणकावर दिसतात का, हे पाहावे. दिसत नसतील तर वायर बदलावी.

बिनतारी जोडणीसाठी यंत्रावरील स्टीम बटण दाबून सेटिंग्जमध्ये जावे, तेथे ब्लूटूथ सुरू करावे आणि मग कंट्रोलर शोधाच्या स्थितीत आणावा. सेटिंग्जची भाषा मराठी नाही, हे येथे नमूद करायला हवे. निदान यंत्राच्या डेस्कटॉप भागात वापरलेल्या केडीई या प्रणालीचा मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केलेला आहे. डुअलशॉक ४ वर शेअर आणि पीएस ही दोन बटणे एकत्र दाबून ठेवावीत. पुढच्या पट्टीवरील दिवा वेगाने लुकलुकू लागतो. डुअलसेन्सवर शेअरऐवजी क्रिएट हे बटण आहे, बाकी कृती तीच. एक्सबॉक्स कंट्रोलरच्या वरच्या कडेला असलेले छोटे गोल बटण सुमारे तीन सेकंद दाबावे लागते. स्विच प्रो कंट्रोलरवरही तसेच छोटे बटण यूएसबी पोर्टजवळ असते. यादीत नाव दिसले की ते निवडावे.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरबाबत मात्र खरेदीआधीच सावध राहणे आवश्यक आहे. २०१३ च्या एक्सबॉक्स वनसोबत आलेल्या पहिल्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नव्हतेच. मायक्रोसॉफ्टची स्वतःची बिनतारी पद्धत होती. २०१६ मध्ये एक्सबॉक्स वन एससोबत आलेल्या सुधारित कंट्रोलरपासून ब्लूटूथ मिळाले. दोन्ही दुरून सारखेच दिसतात. ओळखण्याची खूण अशी की, मधले एक्सबॉक्सचे बटण ज्या भागावर आहे तो भाग वरच्या चकचकीत पट्टीचाच असेल, तर तो ब्लूटूथ नसलेला जुना कंट्रोलर. तो दर्शनी पृष्ठभागाच्याच प्लास्टिकचा असेल, तर नवा. जुन्या वस्तूंच्या दुकानात ही एक नजर काही हजार रुपये वाचवू शकते. मायक्रोसॉफ्टचा बिनतारी यूएसबी अॅडॉप्टर घेऊन हा प्रश्न सोडवावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यासाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि स्टीम-ओएसचा मुख्य भाग केवळ वाचण्यापुरता खुला असल्याने असे बाहेरचे ड्रायव्हर पुढच्या अपडेटमध्ये पुसले जाण्याचा संभव असतो. तांत्रिक खटपटीची आवड नसलेल्याने या वाटेला न जाणेच योग्य. एक्सबॉक्सचा नवा कंट्रोलर जोडल्यावर वारंवार सुटत असेल, तर तो आधी विंडोज संगणकाला वायरने जोडून मायक्रोसॉफ्टच्या अॅपमधून त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्यावे. हे काम लिनक्सवरून होत नाही.

प्लेस्टेशनच्या बाबतीत अडचण वेगळी आहे आणि ती बाजारातून उद्भवते. प्लेस्टेशन ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आले. जगभरात त्याची ११ कोटी ७० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. साहजिकच डुअलशॉक ४ हा सर्वांत सहज मिळणारा जुना कंट्रोलर आहे, आणि त्याच्या नकलाही तितक्याच आहेत. नकली कंट्रोलर दिसायला हुबेहूब असतो, मोबाइलवर चालतोही. पण लिनक्सचा ड्रायव्हर जोडणीच्या वेळी कंट्रोलरकडे त्याच्या गतिसंवेदकाची मोजमापे आणि अंतर्गत सॉफ्टवेअरची आवृत्ती मागतो. अनेक नकलांमध्ये ही माहिती भरलेलीच नसते. उत्तर न आल्याने ड्रायव्हर पूर्वी कंट्रोलर थेट नाकारत असे. कर्नलच्या पुढच्या आवृत्त्यांत अशा कंट्रोलरनाही सांभाळून घेणारे बदल करण्यात आले, त्यामुळे बटणे चालू लागली. तरी अशा नकलांत कंट्रोलर कलता करून नेम धरण्याची सोय अचूक मिळण्याची खात्री नसते. नकलेची किंमत कमी असते. विकत घेताना आपण नक्की काय सोडून देत आहोत, एवढे मात्र ठाऊक असावे.

गतिसंवेदकाचा विषय निघाला म्हणून आणखी एक भेद सांगणे उचित ठरेल. डुअलशॉक ४, डुअलसेन्स, स्विच प्रो आणि जॉय-कॉन या सर्वांत तो आहे. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये नाही. स्टीम डेकवर हाताच्या हालचालीने नेम धरण्याची सवय झालेल्याला एक्सबॉक्सचा कंट्रोलर अपुरा वाटेल. उलट मोटार शर्यतीच्या गेमसाठी स्विच प्रो गैरसोयीचा आहे, कारण त्याचे मागचे ट्रिगर केवळ चालू किंवा बंद एवढेच जाणतात. अर्धा अॅक्सिलरेटर दाबणे त्यावर शक्यच नाही. डुअलसेन्सचे वैशिष्ट्य म्हणजे धनुष्याची प्रत्यंचा ताणल्याप्रमाणे बोटाला विरोध करणारे ट्रिगर. ही किमया पूर्णपणे अनुभवायची तर गेमने तिची दखल घेतलेली असावी लागते, आणि अशा बहुतांश गेमना कंट्रोलर वायरने जोडलेला लागतो. ब्लूटूथवर त्याच्या हेडफोन जॅकमधून आवाजही मिळत नाही. स्टीम डेकवरील दोन टचपॅड आणि पाठीमागची चार बटणे यांना तर यांपैकी एकाही साध्या कंट्रोलरवर तोड नाही. म्हणून माऊसने खेळावयाचे डावपेचात्मक गेम यंत्र हातात घेऊनच खेळावेत, हे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

ब्लूटूथचा कंट्रोलर टीव्हीसमोर बसून खेळताना अधूनमधून अडखळतो, ही सर्वसामान्य तक्रार. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ब्लूटूथ, घरातील वाय-फायचा जुना पट्टा आणि इतर असंख्य उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच लहरपट्ट्यात काम करतात. भारतात जानेवारी २००५ पासून हा पट्टा कमी क्षमतेच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, म्हणून तेथे गर्दीही अधिक. दाट वस्तीत शेजारच्या चार घरांचे राउटरही त्यातच बोलत असतात. या गर्दीतून वाट काढण्यासाठी पारंपरिक ब्लूटूथ एका सेकंदात १,६०० वेळा वारंवारिता बदलते. तरी काही वेळा टक्कर होतेच. उपाय सोपा आहे. यंत्राचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावे किंवा डॉकला इंटरनेटची वायर थेट लावावी.

दुसरे कारण फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. डॉकला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावलेला असेल, तर त्याच्या वायरीतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात हा परिणाम मोजून दाखवला होता. हार्ड डिस्क लांब वायरीने दूर ठेवली किंवा काढून टाकली की कंट्रोलर सुरळीत चालू लागतो, असा अनुभव अनेकांना येतो. यंत्र टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात दडवून ठेवू नये, हे ओघाने आलेच. आणि अडखळण्याऐवजी प्रत्येक क्रिया एकसारखी उशिरा उमटत असेल, तर दोष कंट्रोलरचा नसून टीव्हीचा असू शकतो. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'गेम मोड' सुरू करून पाहावा.

दोघांनी खेळताना आणखी एक घोळ होतो. यंत्र स्वतःची बटणे पहिला कंट्रोलर म्हणून मोजते. परिणामी बाहेरून जोडलेला कंट्रोलर दुसऱ्या खेळाडूचा ठरतो, आणि पहिल्या खेळाडूला टीव्हीखाली ठेवलेल्या यंत्राशी जाऊन बसावे लागते. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंग्जमध्ये हा क्रम बदलता येतो. गेम चालू असताना कंट्रोलरवरील मधले बटण आणि ए एकत्र दाबले, की आवाज, बॅटरी इत्यादींचा झटपट मेनू उघडतो. त्यासाठी उठावे लागत नाही. यंत्र झोपलेले असताना ब्लूटूथ कंट्रोलरने त्याला जागे करण्याची सोय नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ओएलईडी पडद्याच्या प्रकारात सुरुवातीपासून आहे.

आणि खेळून झाल्यावर तोच कंट्रोलर पुन्हा प्लेस्टेशनला लावला, तर तो 'ओळख' देत नाही. घाबरण्याचे कारण नाही. डुअलशॉक ४ एका वेळी एकच जोडी लक्षात ठेवतो. वायरने कन्सोलला लावून पीएस बटण दाबले की जुने नाते पूर्ववत होते. डुअलसेन्ससाठी सोनीने २०२५ मध्ये दिलेल्या अपडेटनंतर चार उपकरणांची जोडणी लक्षात ठेवता येते. एक्सबॉक्सचा नवा कंट्रोलर एक कन्सोल आणि एक ब्लूटूथ उपकरण अशी दोन नाती सांभाळतो. जोडणीचे छोटे बटण दोनदा दाबून एकातून दुसऱ्यात जाता येते.

ज्यांना नेहमीचा कंट्रोलर धरताच येत नाही, त्यांच्यासाठी हा विषय अधिक मोलाचा आहे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१८ मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला १९ जॅक आहेत. त्यांना पायाने, कोपराने किंवा हनुवटीने दाबता येणारे मोठे स्विच जोडता येतात. यंत्राला तो एक्सबॉक्सच्या अन्य कंट्रोलरसारखाच दिसतो. स्टीम इनपुटमध्ये प्रत्येक बटणाचे काम बदलता येत असल्याने एका हाताने खेळण्याजोगी मांडणी करणे शक्य होते. पक्षाघातानंतर बोटांची हालचाल मर्यादित झालेल्या व्यक्तीला, किंवा जन्मतः एका हातात बळ नसलेल्या मुलाला, भावंडांसोबत खेळायला बसता येणे ही गोष्ट लहान नाही. सातशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे यंत्र दोन्ही हातांत तोलून धरणे अशांना जमत नाही. ते टेबलावर ठेवून बाहेरचा कंट्रोलर वापरणे हाच त्यांचा मार्ग आहे.

एवढे महागडे यंत्र घेणे सर्वांना शक्य नाही. ऑनलाइन बाजारात चीनमध्ये तयार झालेली आर३६एससारखी छोटी यंत्रेही मिळतात. त्यांच्या आतही लिनक्सच असते. त्यांपैकी काहींना यूएसबी-सीचे दोन पोर्ट असतात, एक चार्जिंगचा व दुसरा उपकरणांचा. दुसऱ्यात वायरचा कंट्रोलर लावता येतो. मूळ आर३६एसमध्ये ब्लूटूथ नसल्याने बिनतारी कंट्रोलर घेऊन उपयोग नाही. या यंत्रांसोबत हजारो जुने गेम भरून दिले जातात. ते बहुधा विनापरवाना प्रती असतात आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत येतात, याची जाणीव विक्रेते करून देत नाहीत.

पालकांच्या मनात हल्ली आणखी एक शंका असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. एकदा विकत घेऊन घरी खेळावयाचे व्हिडिओ गेम किंवा त्यासाठीचे कंट्रोलर यांचा त्या बंदीशी संबंध नाही.

अधिकृत वाटेने, भारतीय हमीसह असे यंत्र हवे असेल, तर आसुसचे रॉग अॅली हे विंडोजवर चालणारे यंत्र जुलै २०२३ पासून भारतात विकले जाऊ लागले. त्याची तेव्हाची किंमत ६९,९९० रुपये होती. मे २०२५ मधील स्टीम-ओएसच्या ३.७ या आवृत्तीपासून व्हॉल्व्हने त्यासारख्या अन्य कंपन्यांच्या यंत्रांसाठीही आपली प्रणाली खुली करण्यास प्रारंभ केला. त्या यंत्रांवर स्टीम-ओएस बसवल्यास कंट्रोलर जोडण्याची वर सांगितलेली रीतच लागू पडते. बसवण्यापूर्वी मूळ विंडोजची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी, म्हणजे हमीच्या काळात यंत्र दुरुस्तीला देण्याची वेळ आली तर ते पूर्वस्थितीत आणता येईल.